रांगोळी काढणारा हात

कोळवणच्या आमच्या शाळेत रोबोटिक्सचं सामान आलं, तेव्हा विज्ञान शिकवायला मीच होते. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि सातवीच्या मुलींना सांगितलं, आपण रांगोळी काढणारा हात बनवू. प्लायवूडचा, सांध्यांत मोटरी बसवलेला. आतून मी घाबरले होते. बाईंनाच काही येत नाही हे मुलींना कळेल, एवढीच तेव्हा भीती होती.

तो हात पहिल्यांदा झटक्यानं फिरला आणि एक मुलगी मागे सरकत भिंतीला जाऊन चिकटली. निम्मी जोडणी तिनंच केलेली.

"अगं, खेळणं आहे ते. ये इकडे," मी म्हटलं. ती हलेना. मी चिडून तिचा दंड धरला आणि तिला टेबलापाशी आणलं.

तिची मैत्रीण हळूच म्हणाली, "बाई, तिच्या पप्पांची दोन बोटं तुटल्यात. उरवड्याला, कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसमधी."

मी दंड सोडला. दोन दिवस ती शाळेत आली नाही. त्या दोन दिवसांत फळ्यावर लिहितानाही मला तिचा दंड माझ्या मुठीत जाणवत होता. शनिवारी ती वडिलांबरोबर दारात दिसली. मला वाटलं, तिचा दाखला मागायलाच आले असणार.

"बाई, त्ये यंत्र बघायचं हाय," एवढंच ते म्हणाले.

मी दाखवलं. वाकून, हात पाठीमागे बांधून त्यांनी ते सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग विचारलं, "मधी कुणाचा हात आला तर ह्ये थांबतं कसं?"

थांबत नव्हतं. महिनाभर वीस मुली त्या टेबलाभोवती वाकून उभ्या राहत होत्या आणि हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

सामानाच्या पेटीत अंतर ओळखणारा सेन्सर होता. मुलीनं लांब बाकावर बसून प्रोग्रॅम लिहिला, वायरी मी जोडल्या. वडील म्हणाले, "चालू करा. हात मी घालतो."

"दादा, नको. पट्टी घालून बघू," मी म्हटलं.

"पट्टीला भ्या न्हाई वाटत, बाई. तिला बघू द्या."

त्यांनी तोच, तीन बोटांचा हात पुढे केला. मी प्लगवर बोटं ठेवून उभी. प्लायवूडचा हात फिरला, थांबला नाही, त्यांच्या मनगटावर आपटला. लागण्याइतका जोर त्यात नव्हता, पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी प्लग ओढला.

मुलगी उठून आली. "बाई, तुमची वायर उलटी हाय," म्हणाली आणि स्वतः बदलली. टेबलापासून ती मागे सरली नाही. वडिलांनी पुन्हा हात घातला. या वेळी यंत्र वीतभर अलीकडेच थांबलं. त्यांनी आणखी चारदा घातला. चारही वेळा थांबलं. प्रत्येक वेळी माझी बोटं प्लगवरच होती.

निघताना मी विचारलं, "तुमच्या प्रेसला बसवलंय का असं काही?"

"सायेब म्हनले, बसवू," ते चपला घालत म्हणाले. "सोमवारपासून परत त्याच मशिनीवर हाय मी."

मुलगी शेजारीच उभी होती. तिनं ते ऐकलं.