रांगोळीतला कोल्हा

रव्याचा स्टीलचा डबा घासताना झाकणावरच्या ‘रांगोळी, प्रथम क्रमांक’ या अक्षरांवर बोट अडकतं आणि चिडचिड होते. हा डबा बक्षीस मिळाला तेव्हा रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. बोटीवर असलेल्या मामाने आणलेल्या कॅलेंडरवर जुनी डच चित्रं होती, त्या काळी वाचता न येणाऱ्यांसाठी बाजारात स्वस्तात विकली जाणारी, मोठ्यांची टर उडवणारी. त्यातलंच एक मी काढलं: कोल्हा हात उंचावून बदकांना उपदेश करतोय आणि त्याच्या पाठीवरच्या झोळीतून एका बदकाची मान लोंबतेय. कोल्ह्याला जांभ्या दगडाच्या पुडीचा रंग दिला आणि मूळ चित्रातल्या पाद्र्याच्या झग्याऐवजी पुढाऱ्याचा नेहरू शर्ट. चारचौघांत माझं तोंड उघडत नसे. निदान रांगोळीने बोलावं, एवढीच इच्छा होती. परीक्षक बाई वाकल्या. “काय गो, साक्षरता अभियान ना?” “मॅडम, ते झोळीतलं बदक...” “हो, त्याला शाळेत नेतोय. गोड आहे हो.” पाहुणे म्हणून आलेले पुढारी कोल्ह्यामागे उभे राहिले आणि फोटोसाठी त्यांनी हात अगदी तसाच उंचावला. मी मैत्रिणींकडे पाहिलं. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. घरी आईने विचारलं, “चित्र कसलं होतं?” “साक्षरतेचं,” मी म्हटलं. आजही कोणी डब्याबद्दल विचारलं की तेच सांगते, आणि झाकण जरा जोरातच लावते.