सुनेचा वाचनाचा पेपर आणि माझ्या मांडीवरचं घड्याळ

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी मला दुकानाच्या पाटीएवढंसुद्धा वाचता येत नाही. तरी गेल्या वर्षी दोन महिने मी रोज दुपारी माझ्या सुनेची इंग्रजीची परीक्षा घेत होतो. आमच्याकडे लोक म्हणतात, सासऱ्याने सुनेला घडवली, परदेशी पाठवली. खोटं आहे ते. मी तिला जवळजवळ बुडवली होती. म्हणून लिहून ठेवतो.

सून नर्स आहे. माहेर तुळिंजला, चौथ्या मजल्यावर. लग्न होऊन आमच्या आगाशीच्या वाडीत आली तेव्हा विहिरीत वाकून बघायला घाबरायची. तिला बाहेरदेशीच्या एका हॉस्पिटलात नोकरी ठरली होती, पण आधी इंग्रजीची परीक्षा पास व्हायची अट. ऐकणं, बोलणं, लिहिणं तिला जमत होतं. वाचनात ती दोनदा अडकली, दोन्ही वेळा अगदी थोडक्यात. हॉस्पिटलवाले तिसऱ्या खेपेपर्यंत थांबणार होते, चौथ्या नाही. ती गेली की वर्षभरात माझा मुलगाही तिच्या मागोमाग जाणार. म्हणजे घरात मी एकटा. हे तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही त्यावर बोलत नव्हतो.

वाचनाचा पेपर म्हणजे तीन लांबलचक उतारे, चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटं. शेवटी एक मिनिटही जास्तीचं मिळत नाही. चाळीसात तीस तरी बरोबर हवेत, तरच नऊपैकी सात गुण मिळतात आणि हॉस्पिटलाला तेवढे लागतात, असं तिच्या क्लासच्या सरांनी सांगितलेलं.

एकदा सकाळची ड्युटी करून आली, जेवली आणि पुस्तक घेऊन ओटीवर बसली. म्हणाली, "बाबा, तुम्ही टाइम धराल का?"

मी म्हटलं, "मोबाइल आहे ना तुझ्याकडे? तो बोंबलेल की."

"आकडे पळताना दिसले ना, की माझं सगळं लक्ष तिकडेच जातं. ओळ वाचते, पण डोक्यात काय शिरत नाही. तुम्ही घड्याळ तुमच्याकडे ठेवा. वीस झाली की सांगा, चाळीस झाली की सांगा, साठला थांब म्हणा. बस."

मी कपाटातून बायकोचं गजराचं घड्याळ काढलं. गजर बिघडलेला, पण काटे नीट चालतात. बायको जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. घड्याळाला किल्ली मी रोज देत होतो, वेळ मात्र त्यात कोणी बघत नव्हतं.

या घड्याळाचं आधी सांगायला पाहिजे. आमची विहीर आम्हा तीन चुलतभावांत. पंप एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. बायको हे घड्याळ घेऊन ओट्यावर बसायची आणि वेळ झाली की ओरडायची, "पाळी संपली! पाट फिरवा!" मग समोरच्याचा पानवेलीचा वाफा अर्धा भरलेला असो नाहीतर पाव. सगळे तिला शिव्या द्यायचे. मीही द्यायचो. माझ्या बापाची शिकवण वेगळी होती. अर्ध्या वाफ्यात पाणी तोडू नये, समोरच्याचा वाफा भरू द्यावा, मग पाट वळवावा. ती वाडीत नसली की मी तसंच करायचो. ती पकडायची आणि म्हणायची, "तुम्ही मोठे दानशूर! ही दोन मिनिटं आभाळातून पडत नाहीत. कोणाच्या तरी शेवटच्या वाफ्यातून येतात."

तर दुपारी तीनला आमचा पेपर सुरू व्हायचा. ती पाटावर, पुस्तक चौरंगावर, हातात पेन्सिल. मी खुर्चीत, घड्याळ मांडीवर. कधी मधमाश्या, कधी बर्फाचे डोंगर, कधी कुठल्या तरी देशातली जुनी मातीची भांडी. संपल्यावर ती मला थोडं थोडं सांगायची. एका प्रकारचा प्रश्न असा, की लिहिलंय ते खरं, खोटं, की उताऱ्यात सांगितलेलंच नाही.

मी म्हटलं, "सांगितलेलंच नाही तर विचारतात कशाला? वेडे आहेत का?"

"तेच तर बघतात बाबा, की आपण आपल्या मनाचं घुसडतोय का."

पहिल्या दिवशी साठ मिनिटं झाली तेव्हा तिची पेन्सिल चालू होती. कपाळावर घाम, ओठ हलत होते. शेवटचे चार प्रश्न राहिलेले. माझ्या तोंडाशी शब्द आला आणि तिथेच थांबला. म्हटलं, एवढा वाफा भरू दे. काटा पाच मिनिटं पुढे गेला. तिने मान वर केली तेव्हा मी म्हणालो, "थांब. झाली साठ."

ती हसली. "वेळेत झालं!"

त्या दिवसापासून तेच. कधी चार मिनिटं, कधी सहा, एकदा तर नऊ. बरोबर उत्तरांची बेरीज चढत गेली. अठ्ठावीस, तीस, तेहतीस. ती पुस्तकाच्या मागच्या पानावरून उत्तरं तपासायची, मला आकडा ओरडून सांगायची आणि चहा टाकायला जायची. मला तेवढ्याने बरं वाटायचं. मी काही चोरी करतोय असं मनातसुद्धा आलं नाही.

मग परीक्षेला सहा दिवस राहिले असताना, रविवारी, क्लासमध्ये तिचा सराव पेपर झाला. हॉल, नंबर, सगळं खऱ्यासारखं. दुपारी ती परत आली ती थेट मोरीत गेली, तोंड धुतलं आणि तशीच ओल्या तोंडाने ओटीवर येऊन बसली. मुलगाही घरी होता.

"किती?" त्याने विचारलं.

"सत्तावीस. पाच प्रश्न तर वाचलेसुद्धा नाहीत. सर बोलले पेपर द्या, आणि माझं पान कोरं."

"घरी तर तेहतीस येतात."

"तेच ना! घरी वेळेत होतं, तिथे होत नाही. म्हणजे माझ्यातच खराबी आहे. हॉलमध्ये गेले की माझं डोकं बंद पडतं. आधी दोनदा हेच झालं." ती माझ्याकडे वळली. "बाबा, मी नाही बसत. मेल करून टाकते त्यांना, की नको मला ती नोकरी. इथे काय वाईट चाललंय?"

मी घड्याळाकडे बघितलं. ते चौरंगावर होतं.

खरं सांगतो. त्या वेळी मला कळलं की मी काय केलंय, आणि त्याच वेळी हेही कळलं की मी काहीच बोललो नाही तर ती जाणार नाही. संध्याकाळी ओटीवर दिवा लागेल, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येईल. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला शिक्षण लागत नाही.

मी उठून वाडीत गेलो. विहिरीपाशी बसलो. बायको असती तर तिने एका वाक्यात मला सोलून काढला असता.

तिच्या शेवटच्या दिवसाचं एक मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. हॉस्पिटलात भेटायची वेळ संपली, रखवालदार दार वाजवत आला. बायको मला काहीतरी सांगत होती. "त्या कोपऱ्यातल्या चाफ्याच्या खाली मी..." एवढं झालं आणि तो म्हणाला, "चला आजोबा, टाइम झाला." मी म्हटलं, उरलेलं उद्या ऐकतो. सकाळी फोन आला. चाफ्याखाली तिने काय केलं होतं, पुरलं होतं की पेरलं होतं, मला माहीत नाही. मी खणूनही बघितलं नाही. तेव्हापासून चालू असलेलं काही मधेच तोडायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नाही.

पण हे माझं दुखणं. त्याची शिक्षा पोरीला कशाला?

परत आलो तर ती मोबाइलवर मेल लिहीत होती. मी उभ्यानेच बोललो.

"तुझ्यात खराबी नाही. मी तुला रोज जास्ती वेळ देत होतो."

"म्हणजे?"

"साठला थांबवतच नव्हतो. तुझं लिहून होईपर्यंत थांबायचो. पाच मिनिटं, सहा मिनिटं. एकदा नऊ."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. तिने मोबाइल खाली ठेवला.

"रोज?"

"रोज."

"मी तिकडे हॉलमध्ये स्वतःला मारायची बाकी होते, बाबा! मला वाटलं मी मेंटल झाले!"

मुलगा मधे पडला. "कशासाठी केलंत हे? ती जायला नको म्हणून?"

मला सरळ 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. म्हणालो, "केलं तेव्हा तसं मनात नव्हतं. मघाशी मात्र आलं होतं. म्हणून वाडीत जाऊन बसलो."

ती आत गेली. रात्री जेवायला वाढलं, पण माझ्याकडे न बघता. सोमवारी तिने दार लावून मोबाइलवर वेळ लावला आणि एकटीने पेपर सोडवला. बाहेर येऊन आकडा सांगितला नाही, चहाही टाकला नाही. चहा मीच टाकला, साखर जास्त पडली. तिने तो अर्धा पिऊन ठेवला.

मंगळवारी तीनला ती ओटीवर आली. घड्याळ माझ्या मांडीवर आपटलं म्हटलं तरी चालेल.

"मोबाइलचे आकडे बघितले की माझं तेच होतं. तुम्हीच धरा. पण बाबा, साठ म्हणजे साठ. मी रडले तरी."

"बरं."

"आईंसारखं ओरडा."

तो तास मला अजून आठवतो. वीस सांगितली, चाळीस सांगितली. पंचावन्नला ती एका प्रश्नावर अडकली, पेन्सिलीचं टोक त्याच ओळीवरून मागेपुढे. सात प्रश्न पुढे कोरे दिसत होते. माझे हात ओले झाले, घड्याळ निसटायला लागलं. काटा साठवर आला.

"पाळी संपली!" मी ओरडलो. एवढ्या जोराने की शेजारचा कुत्रा भुंकला.

तिने पेन्सिल ठेवली. पंचवीस. तोंड पांढरं पडलं. पण मेलचं नाव काढलं नाही. पुस्तक पुढे ओढून म्हणाली, "या एका प्रश्नात माझी चार मिनिटं गेली. त्या चारमध्ये पुढचे पाच झाले असते."

"शेवटचा वाफा कोरडा राहिला," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. तुझी सासू म्हणायची."

बुधवारपासून तिने रीत बदलली. अडला की खूण करायची, पुढे जायचं, मिनिटं उरली तर मागे यायचं, नाहीतर अंदाजाने भरून टाकायचं. बुधवारी अठ्ठावीस. गुरुवारी तीस. शुक्रवारी मी ओरडलो तेव्हा तिचा शेवटचा शब्द अर्धा लिहिलेला होता. मी बघितलं, तीही बघत होती. पेन्सिल बोटात होती, दोन अक्षरं राहिली असतील.

"राहू दे," मी म्हणालो.

तिने पेन्सिल खाली ठेवली. एकतीस आले, तो शब्द न धरता.

शनिवारी मुलगा तिला पहाटे स्कूटरने स्टेशनला घेऊन गेला. जाताना ती पाया पडली. मी आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. म्हटलं, "अडलीस तर सोड." काही दिवसांनी निकाल लागला. मोबाइल माझ्यापुढे धरून तिने वाचनाचा आकडा दाखवला. इंग्रजी सात मला ओळखता येतो. तेवढाच हवा होता.

आता ती तिकडे आहे. मुलगा पुढच्या महिन्यात जाईल. तिचा फोन रोज आपल्याकडच्या दुपारी तीनला येतो, तिच्या ड्युटीच्या मधल्या सुट्टीत, पंधरा मिनिटं. तिकडच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगते. एकजण माझ्यासारखाच खडूस आहे म्हणे, औषध घेताना शिव्या देतो. काल त्याचंच सांगत होती, "बाबा, आज तर त्याने माझा हात धरला आणि..." आणि तिथेच म्हणाली, "झाली पाळी, ठेवते! उरलेलं उद्या!"

फोन बंद. घड्याळात बघितलं. पंधरा म्हणजे पंधरा. सुनेने घड्याळाची शिस्त सासूकडून घेतली, माझ्याकडून नाही, हे बरं झालं.

म्हाताऱ्याने हात धरून काय केलं, ते आज दुपारी कळेल. तीन वाजायला अजून वीस मिनिटं आहेत.