पंचवीस फुटांवरची भिंत

आमच्या दाजींना मोतीबिंदू झाला आणि त्यावर आम्ही दोन वर्षं त्यांच्या गाडीवर उपचार केले. आम्ही म्हणजे मी, शॉर्ट आणि शोरूम. तिघंही आपापल्या ठिकाणी हुशार म्हणवून घेणारे. ताई अजून आल्यागेल्यासमोर ही गोष्ट सांगते आणि सांगताना नेमकी माझ्याकडे बघते. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. तीस वर्षं पोरांना भिंगं, आरसे आणि मेणबत्त्या मोजून द्यायच्या आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायच्या. प्राध्यापक फळ्यावर खरडून निघून जायचे, पण पडद्यावर मेणबत्तीची उलटी ज्योत नीट कशी पकडायची ते पोरांना दाजीच दाखवायचे. त्यामुळे प्रकाश या विषयातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. ताई म्हणते, आमच्याकडे बल्ब उडाला की आधी व्याख्यान होतं, मग मेणबत्ती लागते आणि शेवटी बल्ब मी आणते.

त्यांचा जीव दोन ठिकाणी. एक, वीस वर्षांची फिकट निळी गाडी. दुसरी, एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, साडेसहाला सुटते. दाजी रोज तिला आणायला जायचे. घरात बापलेकीच्या तोंडाला कुलूप असायचं, पण गाडीत बसली की दोघांची टकळी जी सुरू व्हायची ती दारात उतरेपर्यंत. त्या अर्ध्या तासासाठी हा माणूस दिवसभर मेणबत्त्या मोजतो, असं मी एकदा म्हणालो होतो, आणि दाजींनी ते नाकारलं नव्हतं.

माझा गाड्या रंगवायचा धंदा. शेड मोठी आहे, आणि रविवारी दुपारनंतर तिथे आमचा अड्डा भरतो. शॉर्ट म्हणजे गाड्यांचा वायरमन. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या डॅशबोर्डमधून धूर काढला, तेव्हापासून हे नाव. आता हात चांगला बसलाय, पण नाव कसलं सुटतंय. शोरूमकडे कोरी गाडी. ती घरी आल्यापासून त्याने तिला एक दिवस सुखाने जगू दिलेलं नाही. मागे पंख लावला, चाकं बदलली, सायलेन्सरमधून असा आवाज काढला की शेजारच्या म्हातारबुवांनी बोलणं टाकलं. सीटखाली निळे दिवे लावले. ते कशाला, असं विचारलं तर म्हणतो, पडलेली वस्तू सापडते.

शेडच्या टोकाला पांढरी भिंत आहे. तिच्यापासून पंचवीस फुटांवर जमिनीवर पट्टा मारलाय. गाडी त्या पट्ट्यावर उभी करायची, चालकाने सीटवर बसायचं, कारण वजनाने गाडीचं नाक उचलतं, आणि दिव्यांच्या उंचीची रेघ भिंतीवर खडूने ओढायची. डिपरचा उजेड त्या रेघेच्या दोन बोटं खाली कापला गेला पाहिजे. वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यात, फार खाली गेला तर आपण खड्ड्यात. हा सगळा विधी दाजींनीच आम्हाला शिकवलेला. त्यांच्या परवानगीशिवाय त्या भिंतीवर कुणी खडू लावत नसे.

आता माझं पाप सांगतो. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्या निळ्या गाडीचं मागचं डावं दार घासलं. तो निळा आता तयार मिळत नाही, घोटून बनवावा लागतो. मी बनवला, मारला, वाळवला आणि उन्हात बघितला तर अर्धी छटा गडद. म्हटलं, आता हे खरवडायला लागणार. कारण याच माणसाने पूर्वी एका बंपरसाठी मला तीनदा रंग खरवडायला लावला होता, तोही फरक मला स्वतःला दिसत नसताना. दाजी आले, दारावरून तळवा फिरवला, दोन पावलं मागे गेले, पुढे आले आणि म्हणाले, "कुठून सुरू केलंस तेच सापडत नाही रे." मी हवेत. घरी जाऊन बायकोला सांगितलं, हात बसला आता आपला. ती म्हणाली, भाजी चिरायला घ्या.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत दाजींची तक्रार सुरू झाली. गाडीचे दिवे मंदावलेत. शॉर्टने दिवे लावून बघितले आणि गंभीर तोंड केलं. वायरमनला कधी विचारू नये की वायरिंगमध्ये दोष आहे का. त्याने जाड वायरी ओढल्या, रिले टाकला, म्हणजे दिव्यांना थेट करंट देणारी डबी. आठ दिवस दाजी खूश, नवव्या दिवशी पुन्हा तेच. मग मी म्हणालो काच पिवळी पडलीय. मी रंगारी, मला घासण्याशिवाय दुसरं काय सुचणार. घासून आरसा केला. तरी उजेड कमी. मग शोरूमच्या सल्ल्याने एलईडी बल्ब आले, त्यानंतर भिंगवाले प्रोजेक्टर दिवे आले, त्यानंतर टपावर दिव्यांची एक लांबलचक पट्टी आली, जिच्यामुळे गाडी खाणीत कामाला जाते की काय असं वाटायचं.

समोरून येणारे आता अप्पर-डिपर मारायला लागले. मारणारच, बिचारे आंधळे होत होते. पण दाजींना वाटायचं ते मुजरा करतायत. काही जण काच खाली करून दाजींच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे, त्यांना दाजी म्हणायचे, जळतात लेकाचे. आणि आम्ही माना डोलवायचो.

एका संध्याकाळी एक सायकलवाला वळणावर अगदी पुढ्यात आला. दाजींनी ब्रेक मारला, पण उशिरा. सायकलवाला कसाबसा बाजूला झाला म्हणून वाचला. भाची शेजारी बसलेली. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला तो दिसलाच नाही." दाजींनी त्यातून काय घेतलं, तर डाव्या बाजूला उजेड कमी पडतो. पुढच्या रविवारी आम्ही दोन फॉगलाइट चढवले. भाचीने दुसऱ्या दिवसापासून बस धरली.

हे दाजींना फार लागलं. बोलून दाखवत नव्हते, पण रोज साडेसहा वाजता माझ्या शेडमध्ये येऊन बसायला लागले आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे. एकदा मला म्हणाले, पोरीला या जुन्या गाडीची लाज वाटत असेल, मोठी झाली आता. म्हणून मग नवी सीट कव्हरं, नवा हॉर्न. गाडी नटत गेली आणि शेजारची सीट रिकामी राहिली. मला वाईट वाटायचं, खरंच वाटायचं. पण वाईट वाटून मी काय केलं, तर पुढच्या बंपरला पॉलिश मारलं.

भाची एकदा माझ्याकडेच आली. म्हणाली, मामा, गाडीचं राहू दे, बाबांचं काहीतरी बघा, ते जिन्याच्या पायऱ्या पायाने चाचपतात. मी तिला समजावलं की वायर जुनी झाली की करंट वाटेत कसा गळतो. पोरगी सगळं ऐकत उभी राहिली. जाताना एवढंच म्हणाली, बरं. त्या बरंचा अर्थ मला तेव्हा लागला असता तर आज ताईने गोष्ट सांगताना माझ्याकडे बघितलं नसतं.

आणि आमच्या शहाणपणाचा कळस पुढेच आहे. शॉर्टच्या डोक्यात आलं की तुलना करून बघू. शोरूमची कोरी गाडी पट्ट्यावर लावली, दाजींना आत बसवलं, दिवे लावले. दाजी भिंतीकडे बघून म्हणाले, हिचेही मंदच आहेत. आता कुठल्याही शेंबड्या पोराला यावरून कळलं असतं की दोन गाड्यांत एकच माणूस बसला होता. आम्ही तिघांनी विचारविनिमय करून निष्कर्ष काढला की कंपन्याच हल्ली चोर झाल्यात. शोरूमने त्याच आठवड्यात आपल्या कोऱ्या गाडीचे दिवे उपटून दुसरे बसवले.

शेवटी तो रविवार उजाडला. दाजींच्या गाडीचे सगळे दिवे एकदम जुळवायचे होते. दिवस नुकताच मावळला होता. गाडी पट्ट्यावर, दाजी आत, शॉर्ट बॉनेटमध्ये वाकलेला. दिवे लावले तर भिंत अशी पेटली की पालीचे पाय मोजून घ्या. तेवढ्यात भिंतीशेजारच्या दारातून ताई आत आली. दाजी घराची किल्ली खिशात घेऊन आले होते आणि ती बाहेर अडकली होती. ती भर उजेडात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सत्तावीस वर्षांचा संसार, पंचवीस फुटांचं अंतर.

दाजींनी हॉर्न दाबला आणि खिडकीतून डोकं काढून शॉर्टला म्हणाले, "अरे, त्या बाईंना जरा बाजूला व्हायला सांग."

आम्ही तिघं खो खो हसलो. दाजींचा स्वभावच थट्टेचा. ताई हसली नाही. ती सरळ चालत खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "कोणत्या बाईंना?"

आवाज ऐकून दाजींचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा बघितला आणि कळलं, ही थट्टा नव्हती. शॉर्टने मुकाट्याने बॉनेट लावलं. ताईने हात पुढे केला, दाजींनी किल्ली शोधून दिली ती घराची नव्हती, गाडीच्या डिकीची होती. मग ताई आमच्याकडे वळली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आजवर नुसतं ऐकलं होतं, म्हणाली, आज पखालीवाले बघितले. बाकीचं जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात. भाचीने रजा घेतली होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने तिच्याएवढ्याच. त्यांनी यंत्राला दाजींची हनुवटी टेकवली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं की इतकं पिकेपर्यंत दोन वर्षं केलंत काय. दाजींनी आमच्याकडे बघितलं. शॉर्ट तेवढा प्रामाणिक, तो म्हणाला, आधी रिले टाकला. बाईंना वाटलं, हेही काही डोळ्यातच टाकायचं असतं.

उजव्या डोळ्याचं काम छान झालं. डाव्याचं नाही. तिथला मोतीबिंदू फुगून आतला दाब वाढला होता आणि मागच्या नसेला मार बसला होता. बाई शांतपणे म्हणाल्या की भिंग बदलता येतं, नस बदलता येत नाही, सहा-आठ महिने आधी आला असतात तर हा डोळाही पूर्ण मिळाला असता. तीस वर्षं पोरांना भिंगं वाटणाऱ्या माणसाने ते मान खाली घालून ऐकलं. भाचीने त्यांचा हात धरला होता. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत उभा राहिलो, सगळ्यात बारीक ओळीपर्यंत.

सव्वा महिन्याने, रविवारी संध्याकाळी, निळी गाडी शेडमध्ये आली. भाची चालवत होती, दाजी शेजारी बसून तिला गिअरवरून टोकत होते आणि ती उलट बोलत होती. टकळी पुन्हा सुरू झालेली बघून बरं वाटलं. दाजी उतरले, भिंतीजवळ जाऊन उभे राहिले आणि तिला म्हणाले, लाव दिवे. तिने लावले. दाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बंद कर म्हणाले.

"हे मी लोकांच्या तोंडावर मारत होतो?"

 शॉर्टने पाने काढले. पट्टी उतरली, फॉगलाइट उतरले, प्रोजेक्टर उतरले. जुने दिवे माझ्या माळ्यावर होते ते परत बसवले. भाची सीटवर बसली, दाजींनी खडूने रेघ ओढली, आणि साधा पिवळसर उजेड रेघेखाली दोन बोटांवर बरोबर येऊन थांबला. दाजी म्हणाले, पुरे आहे की एवढा. शोरूमने तोंड उघडलं होतं, ते मी पायावर पाय देऊन मिटवलं.

मग दाजी खडूचे हात झटकत गाडीभोवती एक फेरी मारायला निघाले, पूर्वी मारायचे तशी. मला कळलं आता काय होणार. मी उगाच फडकी आवरायला लागलो. मागच्या डाव्या दारापाशी त्यांची पावलं थांबली.

"हे दार गडद आहे."

"हो," मी म्हणालो.

"तुला तेव्हाच माहीत होतं?"

"होतं."

"आणि मी पास केलं."

मी फडकं खाली ठेवलं. शेवटी म्हणालो, दाजी, चुकलो, उद्याच्या उद्या खरवडतो, पुन्हा मारून देतो.  एक हात उचलून त्यांनी उजवा डोळा झाकला आणि उरलेल्या डाव्या डोळ्याने त्या दाराकडे नीट निरखून बघितलं, पुढे होऊन, मग दोन पावलं मागे जाऊन.

"राहू दे," ते म्हणाले. "या डोळ्याने अजून झकास दिसतंय."