वाहती तोटी

उमरग्याच्या अध्यापक विद्यालयात मी मानसशास्त्र शिकवते. 'प्रेरणा' हा माझा हातखंडा विषय. भूक, तहान, सुरक्षितता, प्रेम, मान अशा गरजांचा त्रिकोण मी फळ्यावर डोळे मिटून काढते. आई गेली आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, जळकोटच्या घरात अंथरूण धरलं, तेव्हा त्या त्रिकोणाचा काडीचाही उपयोग झाला नाही.

तसं दुखणं काहीच नव्हतं. "चालले नाहीत तर पाय कायमचे जातील," डॉक्टरांनी बजावलं. मग मी शिकलेलं सगळं वापरून पाहिलं. शाबासकी दिली, धाक घातला, चार पावलं चाललात तर चहा, अशी लाचसुद्धा देऊ केली. "मला च्याच नगं," म्हणून अण्णा भिंतीकडं तोंड फिरवायचे. माझी अक्कल तिथंच संपली.

एका सकाळी अंगणातल्या हौदाची तोटी माझ्याकडून नीट बंद झाली नाही. आमच्याकडं टँकरची वाट बघत माणसं म्हातारी झाली. पाण्याचा आवाज ऐकताच अण्णा उठून बसले, काठी घेतली, अंगण ओलांडून तोटी आवळली आणि मला फैलावर घेतलं. "एका घागरीसाठी तुझी माय कोसभर हिंडली गं! लाज न्हाय वाटत?" बोलणी खाऊन मी इतकी कधीच सुखावले नव्हते.

तेव्हापासून रोज कामावर निघण्याआधी खाली बादली ठेवून मी मुद्दाम तोटी सोडायची आणि स्वयंपाकघरात गुपचूप उभी राहायची. अण्णा उठायचे, चालायचे, मला झापायचे. माणसाला आतून काय हलवतं ते शोधा, असं मी वर्गात मोठ्या ऐटीत सांगू लागले.

दिवाळीनंतर त्यांचं जेवण तुटलं. एका सकाळी बादली भरून वाहू लागली, तरी काठीचा आवाज येईना. मी बाहेर आले. अण्णा ओसरीवरच्या बाजेवर पाण्याकडं बघत पडून होते.

"अण्णा, पाणी वाया चाललंय."

"व्हय. बंद कर, बाळ." जरा दम घेऊन ते म्हणाले, "रोज तूच सोडतीस, मला कवाच कळलंय. म्या उठलो की तुझं तोंड उजळायचं, म्हणून उठत हुतो. आज बी लई वाटतंय, पण उठवंना गं."

मी तोटी बंद केली आणि तिथंच ओल्या फरशीवर बसून मोठ्यानं रडले.

"रडू नगं," अण्णा बाजेवरून मला समजावत राहिले, "उद्या उठतो की."