अर्धी राहिलेली दाढी

काका म्हणजे मुळातच भित्रा माणूस. त्याला उगाच शूरबिर समजू नका, त्याला स्वतःलाही ते खपलं नसतं. रस्त्यात पोलीस दिसला की हा पलीकडच्या बाजूने चालायचा. बायको म्हणायची, "वस्तरा तुमच्या हातात, आणि घाबरता तुम्हीच!" आणि असा हा माणूस नोकरीला लागला कुठे, तर तुरुंगात, न्हावी म्हणून. घ्या आता!

तिथे कैद्यांपासून जेलरपर्यंत सगळे त्याला काकाच म्हणत. हात इतका हलका, की दाढी करून घेताना माणसाला डुलकी लागावी. एक खोड मात्र होती. हातातलं काम अर्धवट टाकून तो घरी जायचा नाही. निघायच्या वेळी जेलर विचारायचा, "झालं का रे काका?" हा म्हणायचा, "झालं साहेब," नाहीतर, "एक राहिलीय, तेवढी उरकून जातो." वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

त्या वर्षी मंत्रीमहोदय परदेशी गेले आणि सगळ्या देशांच्या सभेत एका करारावर सही करून आले. कैद्यांना मारझोड करणार नाही, सभेची माणसं कधीही येतील, हवी ती खोली उघडायला लावतील, हव्या त्या माणसाशी एकांतात बोलतील, असा तो करार. बाहेरची मदत हवी होती ना, मग सही न करून सांगतात कुणाला! मंत्र्यांचा हसरा फोटो सगळीकडे झळकला. तुरुंगात मात्र सगळ्यांची एकच धावपळ उडाली. भिंतींना चुना, कैद्यांना धुतलेले कपडे, आणि काकाला हुकूम, "एकाच्याही गालावर खुंट दिसता कामा नये."

सभेचे पाहुणे यायच्या दिवशी सकाळी काकाच्या खुर्चीत मास्तर येऊन बसले. काकाच्या मुलीला पाढे शिकवले ते हेच मास्तर. वर्गातला एक मुलगा नाहीसा झाला, तर तो कुठे आहे हे यांनी भर चौकात विचारलं. तेवढ्यावर आत.

फेस लावता लावता मास्तर ओठ न हलवता म्हणाले, "काका, आज मला इथून हलवणार आहेत."

हलवलेला माणूस परत आलेला त्याने आजवर पाहिला नव्हता.

"पाहुण्यांनी एकदा पाहिलं तर वाचेन," मास्तर म्हणाले. "ते ज्याला भेटतात त्याचं नाव घेऊन जातात. पुढच्या खेपेला येऊन म्हणतात, तोच माणूस दाखवा. मग गायब करणं जड जातं."

"मला नका हो सांगू असलं काही," काका कुजबुजला. "मुलंबाळं आहेत मला."

पण वस्तरा फिरला आणि दाढीखालचा गाल उघडा पडला. काळानिळा, कानापर्यंत. नेमका जेलर तिथून चालला होता. तो पाहतच राहिला. "अरे, हे ध्यान पाहुण्यांसमोर उभं करायचं? मागे न्या याला, कोळशाच्या खोलीत!" दुसऱ्या गालावरचा फेस तसाच घेऊन मास्तर गेले. जाताना त्यांनी काकाकडे पाहिलं. काकाने वस्तऱ्याकडे पाहिलं.

पाहुणे आले. एक म्हातारा डॉक्टर आणि त्याचं बोलणं समजावून सांगणारी दुभाषी बाई. डॉक्टर एकेका कैद्याशी दार लावून बोलला, आणि शेवटी म्हणाला, मला या न्हाव्याशीही बोलायचंय. काकाची पाचावर धारण बसली. आत बाईंनी हळू आवाजात विचारलं, "आम्हाला न दाखवलेलं कुणी आहे का? इथलं बोलणं बाहेर जाणार नाही."

कोळशाची खोली काकाच्या अगदी जिभेवर आली होती. पण दाराच्या फटीखाली बुटांची सावली होती. "सगळे दाखवले, बाई," तो म्हणाला. स्वतःच्याच तोंडाची त्याला किळस आली.

दार उघडलं. जेलर हसत उभा होता. "झालं का रे काका?"

आणि काकाच्या तोंडून, रोजच्या सवयीने, विचार करायच्या आत निघून गेलं, "अर्धी राहिलीय साहेब. तेवढी उरकून जातो."

कानावर पडेल ते सांगायचं, हे बाईंचं कामच. त्यांनी सांगितलं. डॉक्टर थबकला. त्याने पाहिलेले सगळे चेहरे तर तुळतुळीत होते. "अर्धी? कुणाची?" त्याने विचारलं.

जेलरचं हसू तसंच होतं, फक्त डोळे हसत नव्हते. "काही नाही हो, म्हातारा झालाय, चळलाय," तो म्हणाला.

काकाला आता ना बोलता येत होतं ना गप्प राहता येत होतं. त्याने पेटी काखेत मारली आणि कोळशाच्या खोलीकडे चालू लागला. मागून डॉक्टर निघाला. त्याला अडवायचं कसं? करारावर सही होती.

कुलूप उघडलं. मास्तर कोळशाच्या ढिगाला टेकून बसले होते, अर्ध्या गालावर सुकलेला फेस. डॉक्टर गुडघ्यावर बसला, गाल पाहिला, नाव विचारलं. मास्तरांनी सांगितलं. मग म्हणाले, "आता यांचंही विचारा."

"माझं? मी कैदी नाही हो!" काका दचकला.

"काकाला काय आम्ही खातो की काय?" दारातून जेलर गोड आवाजात म्हणाला.

त्या गोडव्याने काका उभा शहारला. पाहुणे गेले की आता आपली पाळी, हे त्याला कळून चुकलं. त्याने आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव, गल्ली, घराच्या दाराचा रंगसुद्धा सांगितला. "परत याल तेव्हा मला विचारा. मला पाहिल्याशिवाय जाऊ नका," तो म्हणाला. त्याला रडू फुटलं. "याल ना साहेब? नक्की?"

बाईंनी जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरने मास्तरांच्या नावाखाली काकाचं नाव लिहून घेतलं.

काकाने ब्रश ओला केला आणि मास्तरांच्या राहिलेल्या गालाला फेस लावायला घेतला. हात काही केल्या थरथरायचा थांबेना. मास्तरांनी तो मनगटाशी धरला आणि गाल पुढे केला.