सीट मास्तरांच्या पिशवीत

माझी धाकटी नणंद शिलाई मशिनं दुरुस्त करते. वय अठ्ठावन्न, गुडघे पंचविशीतले. गावोगावी रेल्वेनं जायचं आणि स्टेशनापासून पुढे सायकलनं, म्हणून तिची सायकलही रेल्वेनं हिंडते. माझ्या सासऱ्यांनी तिला हे काम शिकवताना एकच शिस्त लावली: जे जे काढशील ते डावीकडून उजवीकडे मांडायचं, लावताना उजवीकडून सुरू करायचं. तीस वर्षांत एक स्क्रू हरवला नाही. ही बढाई मी हजारदा ऐकलीय.

त्या सोमवारी दहा वाजता तिला गणवेशाच्या कारखान्यात बोलावलं होतं. चाळीस मशिनांची वर्षभराची देखभाल! उशीर झाला तर काम शहरातल्या कंपनीला, आणि वन्संच्या दुकानाला कुलूप. घरी बसून नखं खाणं मला जमत नाही, म्हणून मीही निघाले.

शेवटच्या डब्यात सायकली टांगायला सहा हुक. सहाही भरलेले.

"पुढच्या गाडीनं या, बाई," गार्ड म्हणाला.

"ती साडेदहाला पोचते!"

"सातवी सायकल घेता येत नाही. नियम आहे."

"आणि सामान?" वन्संनी विचारलं.

"सामान न्या की हवं तेवढं."

"वहिनी, पाना द्या!"

"अहो वन्सं, गाडी सुटेल!"

"चार मिनिटं थांबते. बोलू नका, धरा!"

आधी सीट निघाली, मग हँडल, मग दोन्ही चाकं. गार्डनं शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवत नव्हता. त्यालाही बघायचं होतं! डब्यात खाली ठेवायला जागा नाही. वन्संनी सवयीनं डावीकडून मांडायला घेतलं, माणसांच्या मांडीवर. सीट खिडकीतल्या शाळामास्तरांकडे, हँडल भाजीवाल्या मावशींकडे, चाकं दोन कॉलेजच्या मुलींकडे. सांगाडा माझ्या पायांवर.

"घंटी आहे की हिला!" मावशींनी ती वाजवलीच. "सरका रे, गाडी मी चालवतेय!"

सगळा डबा हसत होता. वन्सं तेवढ्या घड्याळ बघत होत्या.

आमचं उतरायचं स्टेशन आलं. वन्संनी उजवीकडून माल गोळा केला. चाकं आली, हँडल आलं. खिडकीतली जागा मात्र रिकामी!

"अगं बाई! मास्तर मागच्याच स्टेशनात उतरले," मावशी दारातून ओरडल्या. "सीट जपून वह्यांच्या पिशवीत ठेवली होती त्यांनी!"

गाडी गेली. डावी-उजवी शिस्त शिकवताना सासऱ्यांनी चालतीबोलती मांडणी गृहीत धरली नव्हती.

सायकल जोडून झाली तेव्हा पावणेदहा. कारखाना चार किलोमीटर लांब.

"आता हो?"

"आता काय? पाय आहेत की!" आणि वन्सं पेडलवर उभ्याच निघाल्या, हत्यारांची पिशवी पाठीवर आपटत.

मी बाकावर बसून नखं खाल्ली. शेवटी इथेच खायची होती! साडेदहाच्या गाडीच्या गार्डनं 'सायकलवाल्या बाई तुम्हीच ना?' म्हणत मास्तरांनी दिलेलं एक पुडकं हातात दिलं. आत सीट, वर चिठ्ठी: 'क्षमस्व. हजेरी घेताना सापडली.'

तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी! दोन मिनिटं आधी पोचले! त्यांची बंद पडलेली तीन मशिनं चालू केली! काम आपलं!"

"शाब्बास! आता बसा जरा."

"मालकही तेच म्हणताहेत. पण पाय असे थरथरताहेत, बसले तर उठायची नाही! सीटचं काही कळलं?"

"माझ्या मांडीवर आहे. आणि मी जागची हलणार नाही!"