मटणासोबतचं आसव

ताटात काय वाढलंय हे विचारल्याशिवाय उभ्या आयुष्यात कुणाला औषध न दिलेला वैद्य या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि मी वणीला मास्तर असताना तो माझा घरमालक होता. मी माडीवर, खाली त्यांचा दवाखाना. औषध म्हणजे मुख्यतः द्राक्षासव, आणि तेही लाल. दौलताबादची काळी हबशी द्राक्षं त्यांच्या लेखी खानदानी, काळ्या मनुका कष्टाळू, आणि हिरव्या द्राक्षांचं नाव काढलं की ते दुसरीकडे बघत. प्रत्येक आसवाचा जोडीदार ठरलेला. वांग्याच्या भरताला मनुकांचं, पाटवडीच्या रश्श्याला वर्षभर मुरलेलं, आणि मटणाला हबशीचं, तेही मोठी वाटी भरून, नाहीतर म्हणे चरबी पचत नाही. एका लग्नात ते जिलबीपाशी अडले. जिलबीशी कुठलंच आसव जुळेना. पंगत उठली तरी हे ताटासमोर विचार करत बसलेले, आणि मुलीचा बाप पाहुणे रुसले समजून हात जोडून उभा. स्वतः मात्र ते आसवात बुडवलेलं बोटाचं टोक जिभेला लावत आणि लगेच चूळ भरत. एकादशीला तर वासही घेत नसत.

मग आमच्याकडे दारूबंदी आली आणि वैद्यबुवांची कीर्ती एकाएकी वाढली. आसव मुरताना त्यात नशा उतरतेच, पण औषधाला बंदी नव्हती. जवळच्या राजूरच्या कोळशाच्या खाणीतले मजूर आणि ट्रकवाले दुपारपासून ओट्यावर बसू लागले. अन्न गोड लागत नाही, ही सगळ्यांची एकच तक्रार. बुवा प्रत्येकाला आज काय जेवला ते विचारत. सुरुवातीला झुणका, अंबाडीची भाजी अशी उत्तरं आली. मग मोठी वाटी कशावर मिळते ही बातमी राजूरला पोचली, आणि सगळं राजूर मटण खाऊ लागलं. सोमवारीही मटण, अमावस्येलाही मटण. बुवांना कसला संशय म्हणून येईना. "खाणीतले लोक आता चांगलं खाऊन राह्यले, मास्तर," ते मला म्हणाले. "मले लय समाधान वाटते." वाटीमागे ते नावापुरते पैसे घेत, पण माणसं दिवसातून तीनतीनदा जेवल्याचं सांगत.

सुट्टीच्या एका दुपारी मी खाली दवाखान्यात बसलो असताना एक बाई आली आणि ओटा रिकामा होईपर्यंत कोपऱ्यात थांबून राहिली. बुवांना वाटलं, पेशंट. त्यांनी सवयीने विचारलं, काय जेवली?

"काई नाई जी," ती म्हणाली. "कालपासून चूल पेटली नाई. माह्या मालकाचा पगार तुमच्या औषधात जाऊन राह्यला. त्यो तुमाले सांगते, मटण खाल्लं म्हून. कुठी खाते, मले बी सांगा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. नवरा कुठेतरी एकटाच जेवतो आहे, असं तिला खरंच वाटत होतं. बुवांनी पुढ्यातली वाटी उचलून पालथी घातली. ते बघून मलाही कुठे तोंड लपवू असं झालं.

दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ आणि डाळ घेऊन ते राजूरला निघाले. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मला सोबत नेलं. बाईचा नवरा दारातच बसला होता. बुवांना बघताच त्याचा चेहरा खुलला. उठून त्याने दोन्ही हात जोडले. "बुवा, आज मटणच हाय जी."

त्याच्या मागे उघड्या दारातून गार पडलेली चूल दिसत होती.

बुवांनी गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं. बाई पुढे आली, तेव्हा खाली मान घालून "मले माफ कर, माय" एवढंच त्यांनी म्हटलं. ती त्यांच्याहून जास्त अवघडली. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने पाणी आणलं, आणि बुवांनी ते उभ्यानेच पिऊन टाकलं.

त्यानंतर त्यांनी आसव केलं नाही. साधी चूर्णं देत, आणि ती घ्यायला कुणी फिरकत नसे. बुवांचा हातगुण गेला, असं वणीत लोक म्हणू लागले. कुणी तोंडावर म्हटलं तर तेही मान डोलावून कबूल करत. खरं कारण सांगितलं असतं, तर त्या बाईच्या घराची गोष्ट चव्हाट्यावर आली असती.